माळवदावरची टाकी

माझ्या धाकट्या मुलीचं, करुणाचं, लग्न एकाच वर्षात दोनदा ठरलं. पहिल्या मुलाला पुण्यात नोकरी लागली आणि त्याला करुणापेक्षा पुणं जास्त आवडलं. दुसरं स्थळ सरपंच अंगदरावांनी आणलं. मुलगा साखर कारखान्यात शिपाई होता आणि त्याचा बाप अंगदरावांच्या शब्दाबाहेर नव्हता. साखरपुडा तेवढा व्हायचा होता. त्या मधल्या दिवसांत आमच्या निमटेक गावावर ड्रोन आला.

ग्रामपंचायतीच्या ओट्यावर तांबोळी मॅडम काळी पेटी उघडून बसल्या होत्या. पेटीत चार पंखांचं यंत्र, उलटं पडलेल्या खेकड्यासारखं. मॅडम मोजणीच्या कामावर होत्या, पस्तिशीच्या, उन्हानं रापलेल्या. गावठाणातल्या घरांना आजवर कागद नव्हता. शेताला सात-बारा, घराला काही नाही. आता वरून फोटो काढून नकाशा होणार होता आणि नकाशात ज्याचं घर दिसेल त्याला घराचं कार्ड मिळणार होतं. मी गावाचा कोतवाल, म्हणून पाण्याचा तांब्या घेऊन उभा होतो. अंगदराव खुर्चीवर होते.

"किती फोटो काढतं हे?" अंगदरावांनी विचारलं.

"तुमच्या गावाचे सहाशे-सातशे. मग कॉम्प्युटर ते एकमेकांना जोडतो आणि एकच मोठा नकाशा करतो."

"कुठला फोटो कुठं जोडायचा हे त्याला कसं कळतं?" हे मी विचारलं. कोतवालानं प्रश्न विचारलेला अंगदरावांना आवडत नसे, पण विचारून झाला होता.

मॅडम उठल्या. "काका, डोळे मिटा."

मी मिटले. त्यांनी माझा हात धरून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर टेकवला. भिंतीला नुकताच ऑइलपेंट दिला होता.

"कुठं आहात?"

"भिंतीवर."

"भिंतीवर कुठं?"

मी हात फिरवला. "न्हाई सांगता यायचं. सगळीकडं सारखंच लागतंय."

त्यांनी हात सरकवला. "आता?"

"कडेवर आलो. पर खाली हाय का वर, ते न्हाई कळत."

पुन्हा सरकवला. "आता?"

"खिडकीचा खालचा कोपरा. उजव्या हाताचा."

"डोळे उघडा," मॅडम म्हणाल्या. "मशीन असंच चाचपतं. सपाटावर त्याला काही कळत नाही. कडेवर अर्धंच कळतं. कोपरा लागला की पक्कं कळतं. अशा पक्क्या जागा ते फोटोतून हुडकून काढतं, एका फोटोत हजारोनं. त्याच जागा पुढच्या फोटोत सापडल्या की दोन फोटो जुळले."

"म्हणजे वाचता येत न्हाई त्याला. खुणेवर चालवतंय."

"अगदी."

"मीबी तसंच चालवलं मॅडम. बेचाळीस वर्षांचा होईस्तोवर मला अक्षर येत नव्हतं. तहसिलातून कागद आला की शिक्का बघायचा. डावीकडं असला तर निवडणुकीचा, उजवीकडं असला तर जनावरांच्या लसीचा. तेवढ्यावर वीस वर्षं गावभर कागद वाटले."

"कधी चुकलात का?"

"एकदाच. तहसिलात शिक्का मारणारा बदलला. तो डावखुरा निघाला. मतदानाच्या दिवशी अर्धा गाव बैलं घेऊन शाळेत आला."

मॅडम हसल्या. अंगदराव हसले नाहीत. ते विचारात होते.

"आन् मॅडम, एखाद्या जागी खूणच नसली तर?" अंगदरावांनी विचारलं.

"तर तिथं मशीन नुसतं चाचपडतं. साचलेलं पाणी, ताणून बसवलेलं कापड, असलं काही असलं की नकाशात डाग येतो. तिथं घर आहे का मोकळी जागा, ऑफिसात बसलेल्या माणसाला ओळखू येत नाही."

अंगदराव मान हलवत राहिले. सरपंचकीच्या अकरा वर्षांत त्यांनी कुठलीही माहिती इतकं लक्ष देऊन ऐकलेली मी पाहिली नव्हती.

*

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून कोरी निळी ताडपत्री दिली.

"कौतिकाबाईच्या माळवदावर बांधून दे. म्हातारी गळक्या घरात राहती. आपण माणसं हाव का कोन?"

कौतिकाबाई सोळंके घिसाडी समाजाची. चाळीस वर्षांमागे तिचा नवरा भिवा ऐरण-भाता घेऊन गावात आला. विळे, खुरपी, कुऱ्हाडी घडवत राहिला आणि गावाच्या टोकाला दोन खणांचं, सपाट मातीच्या छताचं माळवद बांधून तिथंच मेला. मूलबाळ नव्हतं. म्हातारी इतकी वर्षं एकटी राहत होती, तेव्हा तिच्या गळतीचं कुणाला काही वाटलं नव्हतं. तिच्या दारापुढून डांबरी रस्ता गेला आणि अंगदरावांना तिची काळजी वाटू लागली. त्या जागेवर दुकानांचे गाळे बांधायचे त्यांच्या मनात होतं. गावात हे शाळेच्या घंटेइतकंच गुपित होतं.

मी ताडपत्री खांद्यावर टाकून गेलो तेव्हा कौतिकाबाई, म्हणजे आम्हा सगळ्यांची मावशी, दारात तंबाखू मळत होती.

"काय रे लिंबा, कुनाचा मंडप हाय?"

"तुझाच. सरपंचानं ताडपत्री दिलीया."

"मला? का?"

"गळतंय म्हणून."

"मार्च महिन्यात?" तिनं तंबाखू तोंडात टाकली. "बरं बांध. दिल्या गायीचं दात मोजू नये म्हनत्यात. पर गाय सरपंचाची हाय, शिंगं तेवढी बघून घे."

माळवदावर भिवाचा जुना संसार पडला होता. बैलगाडीच्या चाकाची गंजलेली धाव, फुटका भाता, नांगराचे फाळ, सांडशा, अर्धवट ठोकलेले विळे. अंगदराव मागोमाग आले आणि रस्त्यावर उभे राहून सांगू लागले.

"ते भंगार खाली घे. ताडपत्री फाटंल."

मी खाली घेतलं.

"लिंबाजी, चारी अंगांनी खाली जमिनीपर्यंत सोड. हां. आता ताण. सुरकुती राहू देऊ नको. एकबी सुरकुती नको."

मी ताणली. दगडाला दोऱ्या बांधल्या, गाठी पक्क्या मारल्या. उतरलो तेव्हा घर दिसत नव्हतं, एक निळा ठोकळा दिसत होता.

"झ्याक," अंगदराव म्हणाले. "कारखान्यावर चाललोय. तुझ्या व्याह्यांना भेटतो. पंधरा दिवसांत साखरपुडा उरकून टाकू."

मावशीनं ताडपत्रीवर तळहात फिरवला. "गुळगुळीत हाय रे," ती म्हणाली. "आतून अंधार झाला, पर बाहिरून लई गुळगुळीत हाय."

*

ड्रोन उडाला, फोटो निघाले. दीड महिन्यानं नकाशा आला आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला. सगळा गाव त्याच्यापुढं गोळा झाला. जन्मभर ज्या घरात राहिले ते घर लोक बोटानं हुडकत होते, आणि सापडलं की हरवलेली शेळी सापडल्यासारखे खूश होत होते.

मावशी सगळ्यांच्या मागून आली. "लिंबा, माझं कुठं हाय?"

मी बोट ठेवलं. तिथं निळसर डाग होता, पाटीवर ओला बोळा फिरवावा तसा. डागावर बारीक अक्षरं होती.

"काय लिहिलंय?"

"ग्रामपंचायत. मोकळी जागा."

"मोकळी?"

"हाव."

"मग मी कुठं ऱ्हाते?"

ह्याचं उत्तर नकाशात नव्हतं. अंगदराव जवळ आले, त्यांनी चष्मा लावून डाग बघितला आणि च्‌ च्‌ केलं. "मशीनपुढं कुनाचं काय चालतंय मावशी? सरकारी काम हाय. तुझ्यावर अन्याय न्हाई होऊ द्यायचा. गाळे झाले की एखाद्या गाळ्यापुढं बसायला जागा देऊ तुला. सावली ऱ्हाईल."

हरकत घ्यायला पंधरा दिवसांची मुदत होती. मावशीचा अर्ज मी लिहिला. माझ्या हातानं लिहिलेला तो पहिला सरकारी अर्ज. साक्षरतेच्या वर्गात बाईंनी आम्हाला पोस्टकार्ड लिहायला शिकवलं होतं, म्हणून मी वर 'तीर्थरूप तहसीलदार साहेब' असं लिहिलं. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. चार वाक्यांना दुपार लागली. तिनं खाली अंगठा उठवला.

एका म्हातारीच्या अर्जावर ड्रोन परत आला नसता. तो आला तो अंगदरावांच्या पोर्चमुळं. त्यांच्या नव्या बंगल्याचा पोर्च लिंबाच्या झाडाखाली होता, तो नकाशात चार फूट कमी भरला. तो चार फूट रस्त्यात होता हा भाग वेगळा. अंगदरावांनी ग्रामपंचायतीचा ठराव केला: नकाशा सदोष, सर्व गावठाणाची मोजणी पुन्हा व्हावी, पहिला नकाशा रद्द समजावा. ठराव एकमतानं मंजूर झाला. तालुक्याहून पत्र आलं की फेरमोजणी होईल, पण ती शेवटची. नंतर मशीन येणार नाही.

दुसऱ्या उड्डाणाआधी चार दिवस मॅडमनी चावडीत सभा घेतली.

"मागच्या वेळी काही घरांवर खुणा मिळाल्या नाहीत," त्या म्हणाल्या. "छतावर थोडं काही ठेवलंत तर मशीनला सोपं जाईल. फक्त दोन गोष्टी. ठेवलेली वस्तू उडत असताना हलता कामा नये, हललेलं ते टाकून देतं. आणि..."

"समजलं मॅडम," अंगदराव उभे राहिले. "गाव कमी पडणार न्हाई." टाळ्या झाल्या. मॅडमची दुसरी गोष्ट टाळ्यांत गेली.

ती मावशीनं चावडीच्या पायरीवर त्यांना गाठून विचारून घेतली. मी शेजारी होतो.

"बाई, दुसरं काय ते सांगायचं ऱ्हायलं तुमचं."

"आजी, वस्तू एकमेकींसारख्या नकोत. खूण अशी हवी की तशी दुसरी गावात नाही."

मावशीनं मान डोलावली. "येवढंच व्हय. मग काळजी न्हाई."

*

उड्डाणाच्या दिवशी सकाळी गाव छतावर होता. कुणी पाण्याचे हंडे मांडले, कुणी तुटकी खाट चढवली. पोस्टातल्या उत्तमरावांनी तीन वर्षांपासून न बसवलेलं संडासाचं भांडं वर नेऊन स्लॅबच्या बरोबर मधे ठेवलं आणि लोकांना खालून दाखवू लागले. एकानं वर बोकड बांधला. त्याला मी सांगून उतरवला, कारण बोकडाला न हलण्याची सवय नसते.

अंगदरावांच्या भावकीची गल्ली वेगळी होती. पंधरा घरं, एकाच मिस्त्रीनं बांधलेली, सगळी स्लॅबची. अंगदरावांनी मंडपवाल्याकडून साठ लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणवल्या होत्या. प्रत्येक स्लॅबवर चार, चार कोपऱ्यांना एकेक. सगळ्या एका साच्यातल्या, पाठीवर मंडपवाल्याचं नाव, आणि सगळ्यांची तोंडं अंगदरावांच्या बंगल्याकडं. त्यांच्या स्वतःच्या गच्चीवरही चारच होत्या. सरपंच म्हणून एखादी जास्त घ्यावी, असं त्यांना वाटलं नाही हे मी नमूद करतो.

मॅडम शाळेच्या पटांगणावरून ड्रोन उडवणार होत्या. गल्लीतून जाताना त्यांनी वर पाहिलं आणि थांबल्या.

"सरपंच, या खुर्च्या काढायला सांगा."

"का मॅडम? खुणाच हायत की. चार कोपऱ्याला चार. तुम्हीच म्हनला, कोपरा लई महत्त्वाचा."

"पण सगळ्या सारख्या आहेत."

"मग? एकजूट दिसली पाहिजे गावाची."

"काढा म्हणते मी."

"लोकांची खासगी छतं हायत मॅडम. तिथं काय ठिवायचं ते घरमालक ठरवनार. तुम्ही लेखी द्या, आम्ही मासिक सभेत ठिऊ."

मॅडमनी पिशवीतून वही काढली, एक ओळ लिहिली, खाली वेळ घातली आणि अंगदरावांची सही घेतली. अंगदराव सही करताना वाचत नसत. ती त्यांची ऐट होती.

मी तिथून मावशीकडं गेलो. ती माळवदावर चढून बसली होती आणि विळ्यानं ताडपत्रीची दोरी कापत होती.

"ये वर. गाठी सुटंनात," ती म्हणाली. "लई पक्क्या मारल्यास."

मी चढलो. दोघांनी मिळून ताडपत्री गोळा केली.

"आन् सुरकुती एक ठिवली न्हाईस," ती म्हणाली.

मी ताडपत्री खाली टाकली. तिनं घरातून एकेक वस्तू वर आणायला सांगितली. मी खाली उतरून वर आणत होतो आणि ती मांडत होती, संक्रांतीला वाण मांडावं तशी.

"धाव कडंला ठिव. ही बारक्या गाडीची, हिला दोन ठिकानी जोड हाय, बघ. भिवानं रागात मारलाय दुसरा जोड, म्हून वाकडा बसला." भाता आडवा ठेवला. "हा फाळ पाटलाचा, त्यो दगडाला लागून मोडला तसाच ऱ्हायला. ही सांडशी माझ्या हाताच्या मापाची केली होती, म्हून बुटकी." अकरा विळे होते. तिनं ते पसरले. अकरांतला एकही दुसऱ्यासारखा नव्हता. कुणाचं पोट मोठं, कुणाचं टोक मान मोडल्यासारखं.

"एकसारखं त्याला जन्मात जमलं न्हाई," ती म्हणाली. "बाजारात लोकं नावं ठिवायचे. घिसाड्या, तुझे दोन विळे सख्खे भाऊ वाटंनात. त्यो म्हनायचा, मानसाचे हात तरी कुठं सारखे असतेत?"

पटांगणाकडून पंखांचा आवाज सुरू झाला.

"मावशी, उतर आता."

"न्हाई उतरत."

"ऊन बघ. दोन तास उडनार हाय त्ये."

"मागच्या टायमाला मी खाली होते. मोकळी जागा लिहिलं. आता बसते हितंच. बघू कशी मोकळी लिहितेत." तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. "हलायचं न्हाई म्हनल्या ना बाई? मी न्हाई हलत. तू उतर, तुला दम निघायचा न्हाई."

मी उतरलो. मे महिना होता. ड्रोन गावावरून रेघा मारल्यासारखा जात-येत राहिला. मी समोरच्या लिंबाच्या झाडाखाली उभा राहून बघत होतो. मावशी मधोमध बसली होती, हिरवं लुगडं, गुडघ्याभोवती हात. एक माशी तिच्या पदरावर बसून उठली, ती उठली नाही. अंगदराव बंगल्यापुढं छत्री धरून ड्रोनला हात करत होते. मी त्यांना सांगणार होतो की हललेलं मशीन टाकून देतं. मग नाही सांगितलं.

आवाज थांबल्यावर मी वर गेलो. मावशीचे ओठ पांढरे पडले होते. तांब्याभर पाणी प्यायली आणि म्हणाली, "झालं का रे? का अजून बसू?"

*

दुसरा नकाशा पावसाळ्यात आला. तो मॅडम स्वतः घेऊन आल्या. त्यांनी तो भिंतीवर लावला आणि बाजूला उभ्या राहिल्या.

अंगदराव आपली गल्ली हुडकू लागले. गल्ली सापडली, पण ती आखूड झाली होती. पंधरा घरांची सहा घरं झाली होती. एका स्लॅबवर दुसरा स्लॅब चढला होता, जिन्यातून जिना निघाला होता. अंगदरावांचा बंगला त्यांच्या चुलतभावाच्या, म्हणजे प्रल्हादरावांच्या, घरावर जाऊन बसला होता आणि पोर्च पूर्णच गेला होता. लाल खुर्च्या मात्र बावीस मोजता येत होत्या, स्वच्छ.

"हे काय?" अंगदराव म्हणाले.

"मशीनला एक खुर्ची दुसरीपासून ओळखता आली नाही," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या गच्चीवरचा कोपरा त्याला प्रल्हादरावांच्या गच्चीवर सापडला. त्यांचा तिसऱ्या घरी. सगळी छतं एकच गोष्ट सांगत होती, तर त्यानं सगळ्यांना एकच धरलं. मी लेखी दिलं होतं. तुमची सही आहे."

"मग परत उडवा."

"ही शेवटची होती. तुमच्याच ठरावावर."

प्रल्हादराव इतका वेळ नकाशाला नाक लावून उभे होते. ते सावकाश वळले. "अंगद," ते म्हणाले, "म्हंजे तुझं न्हानीघर माझ्या हद्दीत हाय म्हन की."

तिथून जे सुरू झालं ते तालुक्याच्या कोर्टात अजून चालू आहे. पंधरा घरांत आज एकाचं दुसऱ्याशी बोलणं नाही. एकजूट मोडायला विरोधकांना वीस वर्षं जमलं नव्हतं.

मावशी मागं उभी होती. मी तिला पुढं आणलं. या वेळी बोट ठेवायची गरज नव्हती. सगळ्या नकाशात ते माळवद उठून दिसत होतं. धावेचे दोन्ही जोड दिसत होते, फाळाचं मोडलेलं टोक दिसत होतं, विळे अकराच्या अकरा मोजता येत होते. आणि मधोमध एक हिरवा गोल, त्याची सावली बाजूला.

"ही मी हाय?"

"हाव, तूच."

"वरून बारकी दिसते," ती म्हणाली.

तिचं कार्ड दिवाळीच्या आधी आलं. ते मी तिला वाचून दाखवलं. मालकाचं नाव कौतिकाबाई भिवा सोळंके. बांधकाम: दोन खण माळवद, त्यावर पाण्याची टाकी एक, हिरवी.

"टाकी कुठली?"

"तू. ऑफिसातल्या मानसाला टाकी वाटली. दुरुस्तीचा अर्ज करू?"

"नको," ती म्हणाली. "नाव लिहिलं तेवढं पुरं. टाकी तर टाकी. दुरुस्त कराया जातेल आन् परत मोकळी जागा लिहितेल."

करुणाचं लग्न त्याच माघात झालं. अंगदराव आले नाहीत, पण त्यांनी सोयरीक मोडलीही नाही. भावकीच्या भांडणात त्यांना तेवढी फुरसत नव्हती. पाहुणे त्याच लाल खुर्च्यांवर बसले. मावशीनं करुणाला बुटकी सांडशी दिली.

*

मी निवृत्त झालो. मागच्या वर्षी मावशीचा पुतण्या, तिच्या मागं त्या घराचा वारस, नाव लावायला तालुक्याला निघाला तेव्हा मला बरोबर घेऊन गेला. टेबलामागच्या कारकुनानं फाईल काढली. कार्ड बघितलं, जागेवर जाऊन आलेल्या तलाठ्याचा कागद बघितला आणि भुवया वर केल्या.

"कार्डावर पाण्याची टाकी आहे. तलाठी म्हणतो जागेवर नाही. टाकी कुठं गेली?"

पुतण्या माझ्याकडं बघू लागला. कारकून फाईल चाळत होता. तळाशी मावशीचा हरकतीचा अर्ज होता. त्यानं तो बाहेर काढला आणि मोठ्यानं वाचू लागला, वर 'तीर्थरूप' आहे म्हणून हसत.

"'माझं घर आहे. ते चाळीस वर्षांपासून आहे. त्यावर ताडपत्री मी माझ्या हातानं ताणून बांधली होती, त्यात दुसऱ्या कुणाचा दोष नाही. तरी माझं घर दिसावं.' अक्षर कुणाचं हे?"

"माझं."

"आणि मजकूर?"

मजकूर तिचा होता. त्या दुपारी मी तिसरं वाक्य लिहायला थांबलो होतो. म्हणालो होतो, मावशी, असं कसं लिहू, ताडपत्री तर मी बांधली. ती म्हणाली होती, "तुझं नाव आलं तर सरपंच तुलाच पुढं करील, आन् पोरीचं स्थळ जाईल. लिही मी बांधली." मग म्हणाली होती, "तुला ठावं होतं ना रे?"

मी मान खाली घालून लिहिलं. मॅडमनी त्या दिवशी भिंतीवर टेकवला होता तो हात माझा होता. सपाटावर काही कळत नाही, हे अंगदरावांच्या आधी मला कळलं होतं. बेचाळीसाव्या वर्षी शिकलेली अक्षरं मी त्या तिसऱ्या वाक्याला वापरली. खाली तिचा अंगठा आहे.

"अहो आजोबा," कारकून म्हणाला, "टाकीचं विचारतोय मी. टाकी कुठं आहे?"

"वारली," मी म्हणालो.

"टाकी कशी वारेल?"

मी म्हणालो, सांगतो, तसं लिहून घ्या. त्यानं पेन उघडलं. मी सांगितलं: कौतिकाबाई भिवा सोळंके, राहणार निमटेक, अकरा फेब्रुवारी दोन हजार चोवीस, रविवारी सकाळी, स्वतःच्या घरात वारली.